पायाची राखण



माणसाने आपल्या मस्तकाची जितकी चिंता वाहिली तितकी पायाची वाहिली नाही. मस्तकासाठी पगडी, फेटा, मुकुट आणि शिरस्त्राण निर्माण झाले; त्यांच्या मानापानाचे रिवाज ठरले. पायाच्या वाट्याला मात्र उंबरठ्याबाहेर काढून ठेवायची वस्तू आली. 'पायीची वहाण पायीच बरी' ही म्हण दिसायला व्यवहारचातुर्याची आहे. पण वहाणेविषयी, आणि ती शिवणाऱ्या हातांविषयीही, आपल्या समाजाच्या मनात असलेली तुच्छता तिच्यात पुरेपूर उतरली आहे. या उपेक्षेची किंमत आज मोटारसायकलवरून कामाला जाणारी माणसे आपल्या घोट्यांनी आणि बोटांनी देत आहेत. म्हणून पायाच्या राखणीचा इतिहास थोडा तपासून पाहावा, असे मला वाटते.

संस्कृतातील 'उपानह्' या शब्दापासून आपली 'वहाण' आली. तिचे सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे कोल्हापुरी चप्पल. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीची शिवण, अंगठ्याला आधार आणि वर पट्टा, अशी तिची रचना. नवी असताना ती चावते. पण पुढे पायाच्या घामाने आणि भाराने नरम होऊन पायाचाच आकार घेते. राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत या धंद्याला उत्तेजन दिले. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतील कारागिरांच्या या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. उष्ण हवा, खडकाळ रान आणि दिवसभराची चाल यांचा विचार करता, या वहाणेत राखण आणि सोय यांचा मेळ उत्तम साधला आहे. मात्र हा मेळ पायी चालणाऱ्यासाठी साधलेला आहे, हे विसरता कामा नये.

यंत्राचे वाहन आले तेव्हा हा हिशेब बदलायला हवा होता. तो बराच काळ बदलला नाही, याचे एक कारण स्कूटर हे होय. १९४६ साली इटलीत विमानविद्येतील अभियंता कोरादिनो दास्कानियो याने व्हेस्पा स्कूटरची आखणी केली, तेव्हा इंजिन झाकलेले असावे आणि चालवणाऱ्याचे कपडे मळू नयेत, हा त्याचा एक हेतू होता. पुढे आडोसा, खाली पाय ठेवायला सपाट जागा. त्यामुळे चप्पल घालून किंवा लुगडे नेसूनही तिच्यावर बसता येई. १९७२ साली बजाजची 'चेतक' आली आणि पुण्यापासून नागपूरपर्यंत मध्यमवर्गाच्या दारात ती उभी राहिली. त्या आडोशामागे आपली चप्पल बरीचशी निर्धास्त होती.

पुढे, विशेषतः १९८५ नंतर कमी पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारसायकली आल्या आणि हळूहळू त्यांनी स्कूटरला मागे टाकले. आता पायापुढे आडोसा राहिला नाही. एका पायाखाली गिअरचा दांडा, दुसऱ्याखाली ब्रेक, बाजूला तापलेला सायलेन्सर आणि वीतभर अंतरावर रस्ता, अशी पायाची स्थिती झाली. गंमत अशी की, पायाने यंत्राशी जुळवून घेण्याऐवजी यंत्रानेच चपलेशी जुळवून घेतले. आपल्याकडील पुष्कळ मोटारसायकलींना गिअरचा दांडा पुढे आणि मागे असा दुहेरी असतो. गिअर वर चढवताना बोटे दांड्याखाली घालावी लागू नयेत, टाचेने दाबून काम व्हावे, ही त्यातली सोय. कायद्यानेही वस्त्राचा विचार केला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मागच्या चाकाला कपडे अडकू नयेत म्हणून आवरण आवश्यक ठरवले. पाय मात्र उघडाच राहिला.

मस्तकाच्या बाबतीत असे झाले नाही. १९३५ च्या मे महिन्यात 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून विख्यात झालेला टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात जखमी होऊन सहा दिवसांनी मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा शल्यविशारद होता. त्याने पुढे लष्करी निरोप्यांच्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ साली हेल्मेटचे महत्त्व सप्रमाण मांडले. आपल्या १९८८ च्या कायद्यातील हेल्मेटच्या सक्तीमागे या अभ्यासाची परंपरा आहे. पायाला असा केर्न्स भेटला नाही. पायाच्या दुखापतीने माणूस बहुधा मरत नाही, तो लंगडा होतो. आणि लंगड्याची दखल समाज उशिरा घेतो.

मोटारसायकलस्वाराचा बूट आला तो घोडेस्वाराकडून. आरंभीच्या काळात लोक रिकिबीसाठी बनलेले उंच बूटच घालून मोटारसायकलवर बसत. स्वतंत्र विद्या पुढे वाढली. इटलीतील असोलो या गावी सांते माझ्झारोलो याने १९६३ साली डोंगर चढण्याचे बूट बनवण्यासाठी 'अल्पाइनस्टार्स' हा कारखाना काढला आणि लवकरच तो मोटारसायकलच्या शर्यतींच्या बुटांकडे वळला. आज युरोपात या बुटांसाठी 'ईएन १३६३४' हे मानक आहे. त्यात बुटाची उंची, घासले जाण्याला विरोध, कापले जाण्याला विरोध आणि आडवे चिरडले जाण्याला विरोध अशा चार गोष्टी पारखून प्रत्येकीला एक किंवा दोन असा अंक देतात. शेवटची कसोटी फार महत्त्वाची. कारण गाडी आडवी पडते तेव्हा पाय तिच्याखाली सापडतो.

या साऱ्या इतिहासाचे धागे आज नोएडात एकत्र आले आहेत. १७ एप्रिल १९७६ रोजी स्थापन झालेल्या या औद्योगिक नगरीत १९८६ साली पादत्राणांची रचना आणि विकास शिकवणारी केंद्र सरकारची संस्था निघाली. २०१७ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. ज्या विद्येला आपण शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले, तिला संसदेने दिलेला हा मान लहान नव्हे. जवळच सूरजपूरला यामाहा मोटारसायकलींचा कारखाना आहे आणि ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक मोटोजीपी शर्यत झाली. तिथल्या स्वारांच्या पायांत घोट्याला दोन्ही बाजूंनी जखडणारे बूट होते. ते शर्यतीला योग्य; पण ते घालून कचेरीचे दोन जिने चढणे कठीण! आणि सर्किटबाहेरच्या रस्त्यावर जेवणाचे डबे पोचवणारी मुले मे महिन्याच्या उन्हात चपला घालून धावत असतात. या दोन टोकांच्या मधली वाट आपल्याला हवी आहे.

ती वाट काही अवघड नाही. बूट घोट्याच्या हाडावर चढलेला असावा आणि घोट्याशी व बोटांशी त्याला आतून कठीण आवरण असावे. टाच आणि चवडा धरून पिळला असता तळ सहज पिळवटू नये; बाजूंनी दाबला असता मुडपू नये. मात्र तळ इतका जाडही नसावा की, ब्रेकवर किती भार दिला हे पायाला कळू नये. नाडी असल्यास तिची टोके आत खोचता यावीत. कारखान्यातील पोलादी टोपीचे बूट पुष्कळदा गिअरच्या दांड्याखाली नीट जात नाहीत, तेव्हा घेण्यापूर्वी गाडीवर बसूनच पाहावे. पाय दिवसअखेर किंचित सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी आणि दुकानात दहा मिनिटे चालून पाहावे. पाणी अडवणारे अस्तर उष्णताही कोंडते; उत्तरेच्या उन्हाळ्यात हवा खेळणारा बूटच बरा. जो बूट दिवसभर पायात राहू शकत नाही, तो आठवड्याभरात कपाटात जातो आणि कपाटातला बूट कोणाचेही रक्षण करीत नाही.

चप्पल घालून गाडी चालवल्यास दंड होतो, अशी वदंता २०१९ साली पसरली होती. तसा दंड नाही, असा खुलासा तेव्हा केंद्रीय मंत्र्यांच्या कार्यालयाने केला. ते योग्यच झाले. ज्याला बूट परवडत नाही त्याच्यावर दंडाचा भार घालून पाय वाचत नाहीत. त्यापेक्षा जे मालक माणसांना दिवसभर मोटारसायकलवर राबवतात, त्यांनी हेल्मेटबरोबर बूटही द्यावेत आणि आपल्या पादत्राण-संस्थांनी सामान्यांना परवडेल, आपल्या हवेत सोसवेल असा बूट घडवावा. कोल्हापूरच्या कारागिराने चालणाऱ्या पायासाठी जे केले, तेच आता गाडीवरच्या पायासाठी करायचे आहे. हात त्याच परंपरेतले आहेत. त्यांना काम आणि योग्य दाम मिळाले पाहिजे.