हिंगणघाट आणि एव्हरेस्ट

परभणीकडील मानवत काय किंवा वर्ध्याकडील हिंगणघाट काय, दोन्ही गांवें कापसाच्या बाजारपेठा म्हणून प्रसिद्ध आहेत. या काळ्या मातीच्या मुलुखाचा हिमाच्छादित एव्हरेस्टशीं कांहीं संबंध असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु त्या शिखराच्या इतिहासाचा पहिला अध्याय हिंगणघाटासच संपला आहे.

कर्नल विल्यम लॅम्बटन यांनीं १८०२ सालीं मद्रासेजवळ एक आधाररेषा मोजली आणि त्रिकोणास त्रिकोण जोडीत उत्तरेची वाट धरली. एक बाजू व दोन कोन ठाऊक असले, म्हणजे उरलेल्या बाजू गणितानें निघतात. याच तत्त्वावर सारी मोजणी उभी होती. सुमारें अर्ध्या टनाचें कोनमापक यंत्र टेकडीमागून टेकडीवर चढवीत ही साखळी निजामाच्या राज्यांतून बिदरवरून वऱ्हाडच्या दिशेनें सरकली. हैदराबादेहून नागपुरास जात असतां २० जानेवारी १८२३ रोजीं लॅम्बटन यांचा हिंगणघाट येथें अंत झाला. हिमालय अद्याप शेंकडों मैल दूर होता.

त्यांच्यामागें जॉर्ज एव्हरेस्ट यांनीं तें काम डेहराडूनपर्यंत नेलें. पुढें याच साखळीच्या शाखांवरून १८४९-५० च्या सुमारास बिहारच्या मैदानांतून 'पंधरावें शिखर' न्याहाळण्यांत आलें. नेपाळांत प्रवेशास मनाई असल्यामुळें अंतर शंभर मैलांहून अधिक राहिलें; हवेंतून किरण वांकतात, त्याचाही हिशेब करावा लागला. या गणितांत राधानाथ सिकदार यांचा मोठा वाटा होता. १८५६ सालीं २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली. २०२० सालच्या मोजणीनें ती ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारें २९,०३२ फूट ठरली. फरक अवघा तीस फुटांचा!

मोजलेलें शिखर चढण्यास मात्र जवळजवळ शतक लागलें. १९२१ सालीं तिबेटच्या बाजूनें वाट शोधण्यांत आली. १९२२ सालीं हिमलोटानें सात भारवाहकांचा बळी घेतला. १९२४ सालीं मॅलरी व अर्विन शिखरानजीक दिसेनासे झाले. मॅलरीचा देह १९९९ सालीं सांपडला. अखेर खुंबू हिमनदीवरून मार्ग काढीत २९ मे १९५३ रोजीं तेनसिंग नोर्गे व एडमंड हिलरी यांनीं माथा गांठला. महाराष्ट्राचे सुरेंद्र चव्हाण १९९८ सालीं तेथें पोहोंचले, आणि २०१२ सालीं पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक एकाच मोहिमेंत यशस्वी झाले.

शिखरास नांव मिळालें तें एव्हरेस्ट यांचें. पहिली रेषा आंखणाऱ्या लॅम्बटन यांची कबर हिंगणघाटांत आहे. त्या बाजूस जाण्याचा योग आलाच, तर श्रोत्यांनीं ती अवश्य पाहावी.