बाटलीने पाठवलेली तार

जग संपल्यावरच्या सिनेमांतल्या चुका काढणे हा आमच्या घरातला आवडता उद्योग आहे. नातवंडे त्यात पटाईत. 'मॅड मॅक्स'च्या दुसऱ्या भागात (१९८१) पेट्रोलसाठी मुडदे पडतायत आणि तेच पेट्रोल उधळत गाड्या पळतायत! पृथ्वीवरचा सगळा बर्फ वितळला तरी समुद्र साधारण ६५-७० मीटर चढेल, मग 'वॉटरवर्ल्ड'मध्ये (१९९५) जमीन गेली कुठे? हसून हसून पुरेवाट.

पण एका सिनेमाच्या चुका खुद्द अमेरिकन सरकारने काढल्या होत्या. मी शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे मला ही गोष्ट जास्त रंजक वाटते.

सिनेमा 'ऑन द बीच', १९५९ सालचा. दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमर, पाणबुडीचा कप्तान ग्रेगरी पेक. अणुयुद्धात उत्तर गोलार्ध संपला आहे. माणसे उरलीत ती ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला, आणि विषारी हवा हळूहळू तिकडे सरकते आहे. अशात अमेरिकेच्या किनाऱ्यावरून तारयंत्राचा कडकट्ट ऐकू येतो. कोणी जिवंत आहे की काय? पाणबुडी तिथवर जाते. पाहतात तर खिडकीच्या पडद्याच्या दोरीत अडकलेली शीतपेयाची बाटली वाऱ्याने हलून यंत्रावर आपटते आहे. हा प्रसंग अंगावर येतो, खरेच. पण मग माणसाशिवाय इतके महिने वीज कशी चालू राहिली? आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर एकही प्रेत कसे नाही?

मोठी चूक वेगळीच. बॉम्बची किरणोत्सारी धूळ झपाट्याने निवते. स्फोटानंतर तासाभराने जेवढी तीव्रता असते, तिचा ७ तासांनी दहावा हिस्सा उरतो, ४९ तासांनी शंभरावा आणि दोन आठवड्यांनी हजारावा. शिवाय दोन गोलार्धांची हवा एकमेकांत सावकाश मिसळते. म्हणजे मेलबर्नपर्यंत जे पोचेल ते सरसकट सगळ्यांना मारण्याइतके जहाल नसणार. मूळ कादंबरीत (१९५७) नेव्हिल शूटने कोबाल्ट बॉम्बची सोय केली होती. कोबाल्टचा किरणोत्सार निम्मा व्हायलाच पाच वर्षांहून जास्त लागतात.

१७ डिसेंबर १९५९ ला सिनेमा जगातल्या अनेक शहरांत एकदमच दाखवला गेला, मॉस्कोतसुद्धा. त्याआधी आयसेनहॉवर यांच्या मंत्रिमंडळात त्यावर चर्चा झाली, आणि कोणी विचारले तर काय उत्तर द्यायचे याच्या सूचना वकिलातींना गेल्या. शास्त्र चुकले आहे, हा त्यातला एक मुद्दा. मुद्दा खराच होता म्हणा!

पण हे सांगत कोण होते? १ मार्च १९५४ ला बिकिनी बेटावर अमेरिकेने जो हायड्रोजन बॉम्ब उडवला, त्याचा अंदाज होता ६ मेगाटनांचा आणि तो फुटला १५ मेगाटनांचा. लिथियमचा जो प्रकार निष्क्रिय धरला होता, त्यानेही स्फोटात भर घातली. दूर मासे धरणाऱ्या एका जपानी बोटीवर राख पडली. २३ खलाशी आजारी पडले आणि बोटीचा रेडिओ ऑपरेटर कुबोयामा त्याच सप्टेंबरमध्ये वारला. २ एप्रिलला नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली, ती याच स्फोटानंतर. लोकांची भीती सिनेमातून आली नव्हती. ती त्या बोटीवरून आली होती.

आणि धुळीचा हिशेब मांडणाऱ्यांच्या तेव्हा काजळी लक्षातच आली नव्हती. १९८३ मध्ये कार्ल सेगन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात मांडले की जळत्या शहरांचा धूर वर जाऊन सूर्य झाकेल आणि थंडी पडेल. थंडी किती, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. २०२२ चा एक अभ्यास मात्र आपल्या दाराशी येतो. भारत-पाकिस्तान अणुयुद्ध झालेच, तर पिके बुडून जगात दोनशे कोटींहून जास्त माणसे मरू शकतात, असे त्यात म्हटले आहे. त्यातले बहुतेक लढाईपासून दूर, उपाशीपोटी.

त्याच अभ्यासात तगून राहणाऱ्या मोजक्या देशांत ऑस्ट्रेलिया आहे. तिथे गहू पुरेसा पिकतो.