शेत आणि ताट

अन्न कोणत्या शेतांतलें, हें खेड्यांत ठाऊकच असतें. शहरांत तें नव्यानें शिकावें लागलें. १९७१ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें अ‍ॅलिस वॉटर्स यांनीं 'शे पानीस' हें भोजनगृह काढलें. बेत रोज एकच. हंगामांत जें उत्तम मिळे, त्यावरून तो ठरे. पहिल्या जेवणाचा दर ३.९५ डॉलर होता. पुढें भोजनपत्रिकेवर मळ्यांचीं नांवें येऊं लागलीं. हा गौरव आम्हांस मोलाचा वाटतो. परंतु त्याच प्रांतांत द्राक्षें खुडणाऱ्या मजुरांना वाजवी मजुरीसाठीं १९६५ पासून १९७० पर्यंत संप चालवावा लागला होता, हेंहि आम्हांस विसरवत नाहीं. आज त्या जेवणास १०० डॉलरांहून अधिक पडतात. मळ्याचें नांव ताटापर्यंत पोहोंचलें. मळ्यांत राबणारा मात्र अद्याप पंक्तीबाहेरच आहे.