भिलाईचे पोलाद आणि माणसाचे काम

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत रशिया यांच्यात करार झाला आणि दुर्ग जिल्ह्यातील भिलाई या खेड्याचे नाव देशभर झाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आसपासचे कित्येक शेतकरी आरंभी त्या धगीतल्या कामाला बिचकत होते. पुढे त्यांचीच मुले त्या नोकरीसाठी धडपडू लागली. कायम नोकरी म्हणजे घर, शाळा, दवाखाना आणि उद्याची निश्चिती.

परंतु पोलाद वाढले, तशी नोकरी वाढली नाही. वर्षाला १० लाख टनांची क्षमता ४० लाखांवर गेली. कायम कामगार मात्र, जे १९८०च्या दशकात खाणींसह ६० हजारांवर होते, ते पुढे निम्म्याहूनही कमी झाले. काही काम यंत्रांनी घेतले, काही ठेकेदारांच्या मजुरांकडे गेले. दल्ली-राजहराच्या लोहखाणींत अशाच मजुरांना १९७७ पासून संघटित करणारे शंकर गुहा नियोगी यांचा २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत खून झाला.

हा प्रश्न एकट्या भिलाईचा नव्हे. अमेरिकेत २५ ते ५४ वर्षांच्या पुरुषांपैकी काम करणारे वा शोधणारे १९५५च्या सुमारास शंभरात ९७ होते. आता ते ८९च्या आसपास आहेत. तेथे काम शोधणेही सोडलेला पुरुष श्रमिकांच्या गणतीतूनच गळतो. भिलाईचा ठेका-मजूर गणतीत राहतो, पण त्याची निश्चिती हरपलेली असते. म्हणून किती हातांना काम आहे, एवढे विचारून भागत नाही. ते उद्याही राहील काय, हेही विचारावे लागते.