'देणें', 'सोडणें' आणि इंग्रजी क्रियापदें

कुलाबा जिल्ह्याचें नांव 1981 सालीं पालटून रायगड झालें. ही हकीकत जुन्या नांवाच्या काळांतली आहे. पेण तालुक्यांतील गागोदें येथें 11 सप्टेंबर 1895 रोजीं विनोबा भावे जन्मले. पुढें चारच महिन्यांनीं, 14 जानेवारी 1896 रोजीं, महाडनजीक नाते येथें चिंतामणराव देशमुख यांचा जन्म झाला. त्यांचें बालपण बहुतेक रोह्यास गेलें. एकानें 1918 सालीं लंडनला आय. सी. एस. ची परीक्षा दिली आणि तींत पहिला क्रमांक मिळविला. दुसऱ्यानें 1916 सालीं इंटरची परीक्षा सोडून दिली. मुंबईस निघालेले विनोबा वाटेंत सुरतेस उतरले आणि काशीस गेले.

हीं वाक्यें मराठींत सहज आलीं; इंग्रजींत घालूं गेल्यास पंचाईत होते. इंग्रज विद्यार्थी परीक्षा देत नाहीं, घेतो. आपल्याकडे परीक्षा घेणारा तो परीक्षक! इंग्रजाचें 'देणें' शिल्लक राहतें तें परीक्षा सोडणाराकरितां. त्यानें ती 'गिव्ह अप' केली असें म्हणावयाचें. आतां 'गिव्ह' म्हणजे देणें व 'अप' म्हणजे वर, हें पाठ केलेल्या मुलानें 'वर देणें' असा अर्थ केला, तर परीक्षा बाजूस राहून प्रसन्न झालेले शंकरच डोळ्यांपुढें उभे राहावयाचे.

क्रियापदास अव्यय जोडून अर्थ पार पालटण्याची ही खोड परकीयांस फार जड जाते, हें डॉ. जॉन्सननें 1755 च्या कोशाच्या प्रस्तावनेंतच नमूद केलें होतें. मात्र ह्या जोड्यांना 'फ्रेजल व्हर्ब' हें नांव छापील रूपांत 1925 सालीं लोगन पिअरसॉल स्मिथच्या ग्रंथांत आलें. तें सुचविलें हेन्री ब्रॅडलेनें. मोल्सवर्थनें आरंभिलेला आणि कँडीनें 1847 सालीं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश त्याच्या कितीतरी आधीचा. नांव नव्हतें, तरी अडचण होतीच.

पण आपण तरी निराळें काय करतों? 'सोडून दिली' म्हणतांना कोणी कोणास कांहीं देत नाहीं. 'बोलून बसला' तो उभाही असूं शकतो. इंग्रज क्रियापदामागें अव्यय लावतो, आपण दुसरें क्रियापद लावतों. घोकंपट्टीच्या याद्या देणाऱ्या शिक्षकांनीं एवढें दाखविलें असतें, तर बरेच श्रम वांचते. मौज अशी कीं, इंग्रज जेथें 'गिव्ह इन' म्हणून देतो, तेथें आपण नमतें घेतों!

खरी अडचण पुढेंच आहे. 'गिव्ह अप' मध्यें हार खाणेंही येतें आणि त्याग करणेंही येतो. मराठींत हीं दोन वेगळीं आहेत, आणि विनोबांविषयीं लिहितांना त्यांतील एक निवडावेंच लागतें. सुरतेस उतरणाऱ्या त्या तरुणानें हार खाल्ली असें मी तरी म्हणणार नाहीं.

चिंतामणरावांनीं मुंबई केंद्रशासित करण्याच्या बेतास विरोध म्हणून 1956 सालीं अर्थमंत्रिपद सोडलें. इंग्रज अशा वेळीं 'स्टेप डाउन', म्हणजे पायरी उतरला, असें म्हणतो. मराठींत मात्र त्यांनीं परीक्षा दिली होती, तसाच राजीनामाही दिला.