पाच खणांचं घर, त्यातले दोन गुरांचे

आजचा भाग किल्ल्यांवर नाही, राजांवरही नाही. एका गोठ्यावर आहे. म्हणजे गोठा आणि घर, एकाच छपराखाली.

गेल्या वर्षी कामासाठी कार्डिफला होतो, तेव्हा एका रविवारी सेंट फेगन्सला गेलो. हे खुलं संग्रहालय १९४८ साली सुरू झालं. वेल्समधल्या जुन्या इमारती सुट्या करून आणायच्या आणि इथे पुन्हा उभ्या करायच्या, अशी त्याची पद्धत. प्रवेश फुकट होता म्हणून गेलो, हे कबूल करतो. तिथे हेन्द्रेर-अविद इखाव नावाच्या शेतघरापाशी माझा अर्धा दिवस गेला.

हे घर मूळचं उत्तर वेल्समधलं, क्लुइडच्या खोऱ्यातल्या लानगनहावलचं. 'हेन्द्रे' म्हणजे हिवाळ्याची, कायमच्या मुक्कामाची वस्ती. उन्हाळ्यात गुरं घेऊन डोंगरावर जायचे ती 'हावोद'. घर पाच खणांचं. खालच्या अंगाचे दोन खण जनावरांचे, बाकी माणसांचे. जमिनीवर उघडी चूल, धुराडं नाही, खिडक्यांना काचा नाहीत. भिंती कुडाच्या. आपल्याकडे 'कूड' म्हटलं की झालं, इंग्रजीत त्याला तीन शब्द लागतात!

गंमत म्हणजे छपराचा भार या भिंतींवर नाहीच. नैसर्गिक बाक असलेला ओक निवडायचा, उभा चिरायचा आणि त्याच्या दोन फाळ्या समोरासमोर उभ्या करून वरती टोकाशी जोडायच्या. अशा दोन कमानींमधली जागा म्हणजे एक खण. जोड लाकडी खुंट्यांचे. लाकूड ओलं असतानाच घडवायचं, कारण सुकल्यावर ओक फार टणक होतो. आणि सुकताना आकसला की जोड आणखी घट्ट बसतात.

ओलं लाकूड वापरल्याचा फायदा पाचशे वर्षांनी इतिहासकारांना झाला. झाड तोडलं तेव्हाच घर बांधलं, म्हणजे झाडाच्या तोडणीचं साल तेच साधारण घराचं साल. झाडाचं वर्तुळ चांगल्या वर्षी रुंद, वाईट वर्षी अरुंद. या रुंदीची मालिका त्या भागातल्या आधीच साल ठरलेल्या मालिकेवर सरकवत न्यायची, जिथे जुळेल ते साल. माझ्यासारख्याला हे ओळखीचंच वाटतं, लांबलचक लॉगमध्ये पॅटर्न शोधण्यासारखं. फक्त साल सांभाळून ठेवलेली असली पाहिजे. ती तासली गेली असेल तर शेवटची वर्षं हरवतात. हे घर आधी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं मानत. वर्तुळांनी उत्तर दिलं, १५०८.

पण मला खटकलं ते वेगळंच. घर इथे आणलं १९५०च्या दशकात, लोकांसाठी खुलं झालं १९६२ साली. पुन्हा बांधताना मधल्या साडेचारशे वर्षांतले बदल वगळून त्याला मूळ रूप दिलं गेलं. आमच्या भाषेत, पहिल्या कमिटवर रोलबॅक आणि मधली सगळी हिस्टरी डिलीट.

संग्रहालयाचे पहिले प्रमुख आयोर्वर्थ पीट यांची घाई मी समजू शकतो. १९४० साली लष्कराने एपिंटचा डोंगर सरावासाठी घेतला, पन्नासहून जास्त घरं रिकामी करायला लावली. पीट तेव्हा तिथे फोटो काढत होते. घरं डोळ्यांदेखत जाताना पाहिलेला माणूस सर्वांत जुनं तेच आधी वाचवणार. पण पीट यांच्या त्या वेल्समध्ये शेतकरी होते. कोळसा आणि लोखंडावर जगलेले लोक जवळपास नव्हतेच.

थोडं चालत गेलं की ऱ्हीड-अ-कारची चाळ लागते. मर्थर टिडविलच्या लोखंड कामगारांची सहा घरं, १९८७ मध्ये खुली झालेली. ती सहा वेगवेगळ्या सालांप्रमाणे मांडली आहेत: १८०५, १८५५, १८९५, १९२५, १९५५, १९८५. शेवटच्या घरात टीव्ही आहे. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. हेन्द्रेर-अविद इखावमध्ये १७०० किंवा १८५० साली कोण राहत होतं, त्यांनी कुठली भिंत का पाडली, हे त्या घरात उभं राहून कळत नाही. गुरांच्या दोन खणांत मात्र मी बराच वेळ थांबलो. तिथे गारवा होता आणि बाहेर पाऊस.