तुम्ही 'पिन' म्हणता, समोरच्याला 'बिन' का ऐकू येतं?

परदेशातल्या माणसाशी फोनवर इंग्रजीत बोलताना तुम्ही स्पष्ट 'पिन' म्हणता आणि पलीकडच्याला कधीकधी 'बिन' ऐकू येतं. इंग्रजी कच्चं असल्यामुळे हे घडत नाही. दोन भाषांनी आवाजांची वाटणी वेगवेगळी केली आहे, म्हणून घडतं.

स्वनिम म्हणजे काय?

जो आवाज बदलला की शब्दच बदलतो, तो स्वनिम. मराठीत 'पळ' आणि 'फळ' हे वेगळे शब्द आहेत, म्हणून प आणि फ हे दोन स्वनिम. इंग्रजीत 'पिन' आणि 'बिन' वेगळे, म्हणून तिथे प आणि ब दोन स्वनिम.

आणि स्वनांतर?

एकाच स्वनिमाचे, शब्दातल्या जागेनुसार बदलणारे उच्चार म्हणजे स्वनांतरं. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाने तोंडासमोर कागदाची पट्टी धरून 'पिन' म्हटलं, तर पट्टी हलते. 'स्पिन' म्हटलं, तर ती जवळजवळ स्थिर राहते. शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क सोबत हवेचा झोत बाहेर पडतो. 'स'नंतर तो पडत नाही. म्हणजे त्यांच्या 'पिन'मधला प हा ओठ मिटून म्हटलेल्या आपल्या फ च्या जवळचा असतो. पण या फरकाने इंग्रजीत अर्थ बदलत नाही, त्यामुळे बोलणाऱ्याला तो जाणवतही नाही.

मग घोळ कुठे होतो?

मराठी माणूस 'पिन' झोताशिवाय म्हणतो. इंग्रजी कानाला मात्र सुरुवातीचा प ओळखायला तो झोत लागतो. झोत नाही म्हणजे ब, असा त्याचा हिशोब. 'टेन'चं 'डेन' आणि 'कोट'चं 'गोट'ही असंच होतं.

ही सवय कधी लागते?

अगदी पाळण्यात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचं १९८४ मधलं संशोधन यासाठी प्रसिद्ध आहे. इंग्रजी घरांतली ६ ते ८ महिन्यांची बहुतेक बाळं हिंदीतले त आणि ट वेगळे ओळखत होती. १० ते १२ महिन्यांच्या फार थोड्या बाळांना ते जमलं. जो फरक घरच्या भाषेत कामाचा नाही, तो कान सोडून देतो.

उपाय काय?

'पिन', 'टेन', 'कोट' म्हणताना पहिल्या अक्षरावर थोडी जास्त हवा सोडा. कागदाची पट्टी हलली, की जमलं!